व्हायोलिनवादक, संगीत संयोजक आणि गुरू : अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२)

अँथनी गोन्साल्विस हे नाव ऐकले नाही असा मनुष्य आपल्या देशात विरळाच. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या हिंदी चित्रपटातील एका गाण्याने ते नाव घरोघरी पोहोचवले. आजही लग्नाच्या स्वागत समारंभात ते गाणे वाजू लागले की लहानथोर ताल धरतात. परंतु हे नाव गीतकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. या नावाचा एक थोर व्हायोलिनवादक, संगीतरचनाकार आणि शिक्षक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दोन दशके कार्यरत होता आणि त्याच्या एका कृतज्ञ शिष्याने ते नाव गाण्यात गुंफले, ही गोष्ट गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या गुरूंचा हा परिचय.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १२ जून १९२७ रोजी गोव्यातील सासष्टी तालुक्यातील माजोर्डा या गावी झाला. वडील जुझे आंतोनियु गोन्साल्विस हे गावातील देवमातेच्या चर्चमध्ये ‘मेस्त’ होते. ‘मेस्त’ म्हणजे केवळ गायकवृंदाचे प्रमुख नव्हेत. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या धर्मग्रामांतून सोळाव्या शतकापासून ज्या शाळा सुरू झाल्या, त्यांत धर्मशिक्षणाच्या जोडीने संगीत शिकवले जाई आणि ते शिकविण्याची जबाबदारी मेस्तकडे असे. मुलांना स्वरज्ञान करून देणे, पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी वाचायला शिकवणे, व्हायोलिनवर हात बसवून घेणे, सणासाठी लॅटिन मिस्सागीते बसवणे आणि वादकांसाठी पाने हाताने उतरवून काढणे, असे सारे काम एकाच माणसाच्या अंगावर येई. अँथनी यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच. पुस्तक वाचावे तितक्या सहजतेने संगीत वाचण्याची सवय त्यांना बालपणीच जडली.

हीच सवय पुढे पोटापाण्याचे साधन झाली. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईस आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. अनिल विश्वास, गुलाम हैदर, श्यामसुंदर, सचिन देव बर्मन अशा नामवंतांसाठीही त्यांनी वादन केले. गोव्याहून आलेल्या वादकांना त्या काळी मुंबईत मोठी मागणी होती आणि तिचे कारण साधे होते. चित्रपटगीतांचे वाद्यवृंद मोठे होऊ लागले होते. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात गायक आणि सर्व वादक एकाच वेळी, एकाच दालनात गात-वाजवत असत. मागाहून तुकडे जोडण्याची सोय नव्हती. चाळिसांतल्या एकाचा गज चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशा कामात समोरचे पान पाहताक्षणी वाजवू शकणारा वादक लागतो आणि असे वादक गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले होते.

वादनावरून गोन्साल्विस लवकरच संगीत संयोजनाकडे वळले. हे काम नेमके काय असते, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण श्रोत्यांच्या कानांवर ते रोज पडते, परंतु त्याचा कर्ता डोळ्यांआड राहतो. संगीतकार बहुधा पेटीवर चाल गाऊन दाखवी. ती चाल म्हणजे गाण्याचा कणा. मुखड्यापूर्वी कोणते सूर वाजावेत, दोन अंतऱ्यांमधली जागा कशाने भरावी, गायिका वरच्या पट्टीत गेली असता व्हायोलिनांनी खाली कोणती समांतर सुरावट धरावी, चेलोने कुठे थांबावे, बासरीने कुठे यावे, हे सारे ठरवून प्रत्येक वादकाचे वेगळे पान लिहिणे हे संयोजकाचे काम. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही याच क्षेत्रातील आणखी काही गोमंतकीय नावे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख झालाच, तर ‘सहायक’ म्हणून. ‘महल’ (१९४९), ‘नया दौर’ (१९५७), ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटांच्या संगीताशी गोन्साल्विस यांचे नाव जोडले जाते. यांतील गीतांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत होत्या, पण त्यांच्या वेष्टनावर हे नाव शोधून सापडणारे नव्हते.

तथापि गोन्साल्विस यांचे वेगळेपण केवळ संयोजनात नाही. इतर अनेक सहकारी मनाने जॅझ आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीतात रमणारे होते. गोन्साल्विस यांना मात्र रागसंगीताने ओढून घेतले. स्टुडिओत सारंगीचे पंडित राम नारायण यांच्यासारखे कलावंत त्यांच्या शेजारी बसत. त्यांच्याकडून राग समजून घ्यावेत, ते स्वरलिपीत टिपून ठेवावेत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी त्यांतून मोठ्या रचना कराव्यात, हा ध्यास त्यांनी घेतला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. आपल्या संगीतात एका वेळी एक सूर पुढे चालतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक सूर एकावर एक रचून स्वरमेळ साधला जातो. त्यांचा मूलभूत स्वरमेळ सा, ग आणि प यांचा; पण सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य! मग मेळ साधायचा कशाचा? गंधार घ्यावा तर राग मोडतो, न घ्यावा तर वाद्यवृंद पोकळ वाटतो. तोडीत अडचण निराळी. तिथे रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. शिवाय तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून किंचित उतरलेला असतो, आणि ते ‘किंचित’ पाच रेघांवर लिहिता येत नाही. वादकाच्या बोटांना ते माहीत असावे लागते. गोन्साल्विस यांनी नेमके हेच दोन अवघड वाटावेत असे विषय निवडले: सारंग रागातील कन्चेर्टो आणि तोडी थाटातील व्हायोलिन व वाद्यवृंदासाठी कन्चेर्टो. ‘सोनातिना इंडियाना’ ही त्यांची आणखी एक रचना.

या रचना वाजवणार कोण? मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली उभारलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. परंतु त्याचे विश्व युरोपीय अभिजात संगीताचे. तेव्हा १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी स्वतःचाच सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. शंभरावर वादक आणि सोबत लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायन! दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली वाजवणारे हात त्या मंचावर आपल्यातल्याच एकाची रचना वाजवत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीच्या आपल्या संविधानात स्थानिक जनतेच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले, ते डिसेंबर १९६३ मध्ये. गोन्साल्विस यांचा प्रयोग उपासनेसाठी नव्हता हे खरे. तरी एका मेस्तच्या मुलाने चर्चमध्ये मिळालेली विद्या आणि या भूमीचे राग एकत्र आणण्याचा खटाटोप त्याआधी पाच वर्षे केला होता, याची नोंद आपल्या गायकवृंदांनी घ्यावी असे वाटते. पेटी-ढोलकीच्या साथीने भजने म्हणणाऱ्या मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांना हा प्रश्न परका नाही.

गोन्साल्विस वांद्र्यास राहत आणि व्हायोलिन शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुढे विख्यात झालेले दोघे: सचिन देव बर्मन यांचे चिरंजीव राहुल देव बर्मन आणि ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव प्यारेलाल. प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्याबरोबर जोडी जमवली आणि ‘पारसमणी’ (१९६३) पासून पुढे तीन दशके हिंदी चित्रपटसंगीत गाजवले. या जोडीच्या गाण्यांत व्हायोलिनांचे भरघोस ताफे ऐकू येतात आणि वाद्यवृंदाची मांडणी प्यारेलाल स्वतः करीत. चाल बांधणे एकाचे आणि पाने लिहिणे दुसऱ्याचे, ही जुनी विभागणी त्यांना लागू पडली नाही. त्यांच्या गुरूंना संयोजक म्हणूनच राहावे लागले. शिष्य संगीतकार म्हणून ओळखला गेला.

१९६५ साली गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टी सोडली. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाकडून मिळालेल्या अनुदानावर ते न्यूयॉर्क राज्यात गेले. कालांतराने परतले ते माजोर्ड्याच्या घरी. स्टुडिओकडे त्यांनी पुन्हा पाऊल वळवले नाही.

ते निघून गेल्यानंतर बारा वर्षांनी मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. (आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात.) अमिताभ बच्चन यांच्या पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. आनंद बक्षी यांचे गीत त्या नावाने चालीत नीट बसेना. तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचवले. ते बसले आणि पात्राचेही आडनाव बदलले. किशोर कुमार यांनी ते गाणे गायिले आणि चित्रपटाच्या संगीतासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

ईस्टरच्या मेजवानीत भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा, निरर्थक इंग्रजी बडबडणारा, दारूचा गुत्ता चालवणारा तो अँथनी पाहून आपल्यापैकी काहींना तेव्हा वाईट वाटले होते. हिंदी चित्रपटात ख्रिस्ती मनुष्य म्हणजे बाटली, हे समीकरण आपण फार सोसले आहे. ती तक्रार रास्तच आहे. परंतु त्याच दृश्यात, पडद्यामागील वादकांचे नाव कोठेही न छापणाऱ्या उद्योगात, एका शिष्याने आपल्या ख्रिस्ती गुरूंचे नाव, आडनावासकट, देशभर गाजवले. अशी गुरुदक्षिणा क्वचितच कोणाला लाभली असेल.

मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्या जीवनावर माहितीपट तयार केला. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, गोव्यात ते प्रभुवासी झाले. राहुल देव बर्मन १९९४ सालीच निवर्तले होते. प्यारेलाल शर्मा यांना भारत सरकारने २०२४ साली पद्मभूषण जाहीर केले.