कोरड्या तोंडाचा पुरावा

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. बाळ, मूतखडा, फार तर पित्ताशय. त्यामुळे डॉक्टरांनी 'लाळग्रंथींची सोनोग्राफी' लिहून दिली तेव्हा माझी मावशी म्हणाली, "अरे, तोंडाची कसली सोनोग्राफी?" चार वर्षं ती भाकरीचा प्रत्येक घास पाण्यासोबत ढकलत होती. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं वाटायचं. सगळीकडून एकच उत्तर यायचं: वय झालं, पाणी पीत जा.

मग मी वाचत सुटलो, आणि थेट 1933 च्या स्टॉकहोममध्ये पोचलो. हेन्रिक शोग्रेन नावाच्या नेत्रतज्ज्ञानं 19 बायकांवर प्रबंध लिहिला होता. कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि अनेकींचे सुजलेले सांधे. हे वेगवेगळे आजार नसून एकच आहे, असं तो म्हणत होता. परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नाही. विद्यापीठात शिकवायला लागणारी श्रेणी त्याला मिळाली नाही आणि तो यॉनशॉपिंग या गावी रुग्णालयात नोकरीला गेला. आपलीच रोगप्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते, हे पुढे कळलं. आज आजाराला त्याचंच नाव आहे.

पण कोरडेपणा दाखवायचा कसा? एक उपाय म्हणजे लाळेच्या नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढणं. दुसरा, खालच्या ओठाला आतून छेद देऊन बारीक ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. 1968 मध्ये चिझम आणि मेसन यांनी त्यासाठी मोजपट्टी ठरवून दिली. ही चाचणी अजून टिकून आहे. काही जणांचा ओठ त्यानंतर बरेच दिवस बधिर राहतो, हे मात्र घाईत सांगितलं जातं.

दरम्यान ग्लासगोत वेगळंच चाललं होतं. इयान डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथं धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरत. त्याच लहरींनी गाठीही ओळखता आल्या. पुढे टॉम ब्राऊन हा विशीतला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला आणि 1958 मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. (इंजिनिअर असल्यामुळे इथं मी उगाच खूश झालो.)

लाळग्रंथीकडे ही नजर वळायला वेळ लागला. 1992 मध्ये इटलीत दे वीता आणि सहकाऱ्यांनी शोग्रेनच्या रुग्णांच्या ग्रंथींना सोनोग्राफीवरून गुण दिले. निरोगी ग्रंथी पडद्यावर एकसारखी करडी दिसते. आजारी ग्रंथीत काळे ठिपके पडतात, जणू कसर लागलेलं कापड. 2005 मध्ये स्लोव्हेनियाच्या होचेवार यांनी कानाखालच्या दोन आणि जबड्याखालच्या दोन ग्रंथी तपासून 48 पैकी गुण देण्याची पद्धत मांडली. ना सुई, ना छेद, ना किरणोत्सर्ग.

तरीही 2016 चे आंतरराष्ट्रीय निकष बघा. ओठाच्या तुकड्याला 3 गुण, रक्तातल्या अँटी-रो प्रतिपिंडांना 3, डोळ्यांच्या दोन चाचण्यांना आणि लाळेच्या मोजमापाला प्रत्येकी 1. किमान 4 हवेत. सोनोग्राफीला शून्य! हे निकष मुळात संशोधनात कुणाला घ्यायचं ते ठरवण्यासाठी आहेत हे खरं, पण मला राग आलाच. मग कारण समजलं. प्रोब धरणारा हात बदलला की चित्र बदलतं, आणि 'थोडे काळे ठिपके' म्हणजे किती यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही. एकाच्या लॅपटॉपवर चालणारा कोड दुसऱ्याकडे बंद पडतो, तसंच. म्हणून 2019 मध्ये ओमेरॅक्ट या गटानं 0 ते 3 अशी साधी श्रेणी ठरवली.

मावशीची अँटी-रो चाचणी पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड 3' होतं. तिनं त्या काळ्या ठिपक्यांचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ होती: "हे बघा, मी नाटक करत नव्हते."