अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा (प्रचलित नाव: एए मीटिंग) म्हणजे मद्यासक्तीतून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींची परस्परांना आधार देणारी नियमित बैठक होय.

या संघटनेचा उगमच सोबतीच्या शोधात आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन येथे गेले होते. काम फसले. पुन्हा मद्याकडे वळण्याच्या भीतीने त्यांनी हॉटेलातून चर्चना दूरध्वनी करून, बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची भेट घडली. १० जून १९३५ हा संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते; शुल्क नसते आणि पूर्ण नाव सांगावे लागत नाही. ‘खुल्या’ सभेला कोणीही येऊ शकतो. ‘बंद’ सभा केवळ दारूची समस्या असणाऱ्यांसाठी असते. त्यामुळे सोबत कुटुंबीय असल्यास सभेचा प्रकार आधी विचारणे सोयीचे ठरते. वेळ व ठिकाण संघटनेच्या मदत क्रमांकावर किंवा अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत कळते. महाराष्ट्रात मराठीतूनही सभा होतात. काही सभा चर्चच्या जागेत भरत असल्या, तरी संघटना कोणत्याही धर्मपंथाशी संलग्न नाही.

सभा हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास झटके, भ्रम असे प्राणघातक ठरू शकणारे परिणाम संभवतात. अशा वेळी डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते.

नातेवाइकांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. आप्ताने दारू सोडलेली नसली, तरी तिच्या सभांना जाता येते.