शिनोळीची सरहद्द

वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांवर लादून आंबोलीचा घाट चढवीत ज्या मार्गाने एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या लष्करी छावणीस पोहोचविला जाई, त्याच मार्गावर, बेळगावच्या अलीकडे सुमारे १५ किलोमीटरांवर, चंदगड तालुक्यातील शिनोळी हे खेडे वसलेले आहे. इंग्रजी अमदानीत चंदगड हा बेळगाव तालुक्याचाच एक पेटा असल्यामुळे शेतसाऱ्याची तक्रार असो, दिवाणी दावा असो वा लग्नाचा बस्ता असो, शिनोळीकरांची पावले स्वाभाविकपणेच बेळगावकडे वळत.

१९५५ साली न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्यपुनर्रचना आयोगाने आपला अहवाल सादर केला, तेव्हा मराठी भाषकांच्या निर्विवाद बहुसंख्येमुळे चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून वगळण्यात आला. परंतु मराठीचेच प्राबल्य असलेले बेळगाव शहर मात्र जिल्ह्याचे ठाणे म्हणून, प्रशासकीय सोयीच्या विचाराने, जिल्ह्यासह म्हैसूर राज्याकडे सोपविण्यात आले. भाषेचा किंवा सोयीचा, कोणताही एकच निकष दोहोंना सारखा लावला असता, तरी हे गाव आणि हे शहर एकाच अंमलाखाली नांदले असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी शिनोळी आणि तिला लागून असलेले बाची या दोन मराठी गावांच्या मधून राज्याची सरहद्द गेली, आणि शिनोळीच्या जिल्हा कचेरीचे ठिकाण सुमारे १०० किलोमीटर दूरच्या कोल्हापुरास गेले.

बाजार मात्र हलला नाही. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या सरींवर लावलेले रताळ्यांचे वेल दिवाळीच्या सुमारास उपटले जातात, रताळी धुऊन पोत्यांत भरली जातात, आणि ती पोती आजही बेळगावच्याच अडतीवर उतरतात. सीमाप्रश्न पेटला की एसटीच्या गाड्या सरहद्दीच्या अलीकडेच थांबतात, आणि औषधपाण्यासाठी वा शिक्षणासाठी निघालेल्या माणसांचा खोळंबा होतो.

या सीमाप्रश्नावरील १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला, आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही आंध्र-मद्रास सीमेबाबतच्या पाटसकर निवाड्याची तत्त्वे महाराष्ट्राने आपल्या मागणीचा आधार मानली, ती उचितच होत. कारण सीमा तालुक्यांच्या नकाशावरून ठरते, परंतु तिचा भार अखेर खेड्यालाच वाहावा लागतो, आणि म्हणून निर्णयाचा आरंभही खेड्यापासूनच झाला पाहिजे.