उपाशी नको, खाऊन ये

आमच्या आरोंद्यात, तेरेखोलच्या खाडीकाठी, गरोदर बाईला ‘दोन जिवांची’ म्हणून दोन घास जास्तच वाढतात. तिची साखर तपासण्याची रीत मात्र अलीकडची. १९६४ साली बॉस्टनमध्ये ओसुलिव्हन आणि माहान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या तपासणीवरून निकष बांधले. त्यांचा रोख बाळावर नव्हताच. पुढे आईला मधुमेह होईल का, हे त्यांना ओळखायचे होते.

त्या चाचणीला रात्रभरचा उपास लागे. पेज जेवून सकाळच्या एसटीने आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ म्हटले, तर ती पुन्हा येईलच असे नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी नेमका हा अडसर काढला. पोटात काही असो-नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. १०० मिलिलिटरमध्ये १४० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर भरली, तर गरोदरपणातला मधुमेह. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हीच पद्धत घेतली : पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत. उपाय आधी आहाराचा, तेवढ्याने भागले नाही तर औषधाचा.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी सांगितली आहे. १९६४ चा मूळ प्रश्न तिथे परत येतो. पण तोवर बारसे उरकलेले असते, आणि बाई दवाखान्यात जाते ती बाळाला डोस द्यायला.