मोरगावचा नंदी, मिसरचा बैल

प्राचीन मिसरचा धडा आला की वर्गात हशा पिकतो. “सर, बैलाची पूजा?” मग मी मुलांना आपल्याच बारामती तालुक्यातल्या मोरगावची आठवण देतो. तिथला मयूरेश्वर म्हणजे मोरावर बसलेला गणपती. दारात उंदीर आहेच. पण शंकराचा नंदीही तिथे गणपतीकडे तोंड करून बसला आहे.

मिसरमध्ये मेम्फिस शहरी आपिस नावाचा जिवंत बैल प्ताह देवाचे रूप मानला जाई. तो मेला की त्याची ममी करून सक्कारा येथे दफन करीत. ती भुयारे फ्रेंच संशोधक मारिएत याने १८५१ मध्ये उघडली. बैल ही बळाची खूण. दफनभूमीत कोल्हे फिरत, म्हणून कोल्हामुखी अनुबिस मृतांचा राखणदार ठरला.

तौहीद मानणारे आपण. ही उपासना आपली नाही. बनी इस्राईलच्या वासराचा किस्सा मुलांनाही ठाऊक असतो. पण न मानणे वेगळे आणि हसणे वेगळे. मोरगावच्या मंदिराला चार कोपऱ्यांवर मिनार आहेत; दुरून मशीदच वाटावी. त्या मंदिराला आपले मिनार परके वाटले नाहीत. त्याच्या दारातल्या प्राण्यांचा अर्थ आपण समजून घेतला, तर आपले काय बिघडणार आहे?