इष्टतम बचत

राष्ट्राच्या उत्पन्नापैकी किती भाग चालू पिढीने उपभोगावा व किती भाग भांडवलनिर्मितीसाठी राखावा, यासंबंधीचा सिद्धांत. वर्तमान सुख आणि भावी समृद्धी ही दोन्ही उद्दिष्टे इष्ट असली, तरी तीच साधनसामग्री एकाच वेळी दोहोंकडे लावता येत नाही.

या प्रश्नाची काटेकोर गणिती मांडणी केंब्रिजचा गणितज्ञ फ्रँक रॅम्झी (१९०३–३०) याने १९२८ मध्ये केली. भावी पिढ्यांचे सुख केवळ उशिरा येते म्हणून कमी लेखणे त्याला नीतिदृष्ट्या असमर्थनीय वाटे. सर्व पिढ्यांना समान मानून त्याने काढलेले बचतीचे प्रमाण मात्र एका उदाहरणात उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक निघाले. एवढा भार कोणतेही लोकनियुक्त शासन जनतेवर टाकू धजले नसते. पुढे पॉल सॅम्युएलसन याने १९३७ मध्ये भावी उपयोगितेचे मूल्य ठरावीक दराने घटविण्याची रीत मांडली. ती सोयीची म्हणून रूढ झाली. तथापि लोककल्याणाचा निकष म्हणून त्याने ती सुचविलेली नव्हती.

भारतात हा प्रश्न दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या (१९५६–६१) निमित्ताने प्रत्यक्ष उभा राहिला. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांच्या प्रतिमानानुसार गुंतवणुकीचा जितका मोठा अंश भांडवली वस्तूंच्या उद्योगांकडे वळवावा, तितकी उपभोगाची वाढ आरंभी मंद व दीर्घकाळाने वेगवान होते. सोव्हिएट रशियात फेल्डमन याने १९२८ मध्येच अशा स्वरूपाचे प्रतिमान रचले होते. महालनोबीस यांनी हा अंश एक-तृतीयांश धरला. असा आकडा ठरविताना किती वर्षांपुढचे पाहावयाचे, हे आधी निश्चित करावे लागते. पाच वर्षांची मुदत धरली तर एक उत्तर येते, तीस वर्षांची धरली तर दुसरे. आणि ही मुदत समीकरणांतून निघत नाही. ती ठरविणे हा वस्तुतः राजकीय निर्णय होय. गणिताच्या प्रतिष्ठेमुळे तो बराचसा झाकला गेला, असे म्हणावे लागते.

मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये या व्यूहरचनेवर मूलगामी आक्षेप घेतला. धान्य, कापड इ. ज्या वस्तूंवर मजुराची मजुरी खर्च होते, त्यांचा पुरवठा हाच रोजगाराच्या वाढीचा खरा आधार होय. त्यांची टंचाई असता यंत्रे उभारून बेकार हातांना काम देता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्धपोटी मजुरांच्या देशात उपभोग हा गुंतवणुकीचा केवळ प्रतिस्पर्धी नसून तिचे साधनही असतो, हा त्यातील विचार रॅम्झीच्या मांडणीत बसणारा नव्हता.

योजनेच्या दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, परकीय चलनाचा तीव्र तुटवडा जाणवला. १९६५-६६ व १९६६-६७ या लागोपाठच्या अवर्षणांत धान्याची टंचाई एवढी वाढली, की १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनेऐवजी वार्षिक योजनांवर काम भागविण्यात आले.