हसरा ठेका, गंभीर आशय: 'अवर न्यूएस्ट अल्बम एव्हर!'

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरातील 'फाइव्ह आयर्न फ्रेन्झी' या ख्रिस्ती स्का वाद्यवृंदाचा 'अवर न्यूएस्ट अल्बम एव्हर!' हा दुसरा स्टुडिओ अल्बम नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रकाशित झाला. 'आमचा आजवरचा सर्वांत नवा अल्बम' असा या नावाचा अर्थ असून नवेपणाच्या जाहिरातबाजीची थट्टा त्यात सहज जाणवते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या आठ कलावंतांच्या वाद्यवृंदाचा 'अपबीट्स अँड बीटडाउन्स' हा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला होता. दोन्ही अल्बम 'फाइव्ह मिनिट वॉक' या कंपनीने प्रकाशित केले व त्यांची निर्मिती मसाकी लिऊ यांनी केली.

स्का आणि चर्च

स्का हे मूळचे जमैकाचे नृत्यसंगीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते आकाराला आले. मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागी पडणारा गिटारचा तुटक आघात आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचा जोरकस मेळ ही त्याची ओळख होय. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या 'द स्काटलाइट्स' या आद्य वाद्यवृंदातील अनेक वादकांचे शिक्षण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये झाले होते आणि ही शाळा कॅथलिक जोगिणी चालवत असत. त्यामुळे १९९० च्या दशकात अमेरिकेतील ख्रिस्ती तरुणांनी स्का जवळ केले, तेव्हा धर्म आणि या संगीताची भेट प्रथमच होत होती असे म्हणता येणार नाही.

उपासनेने स्थानिक वाणी स्वीकारण्याची परंपरा भारतातही जुनी आहे. बंगळूरच्या चिकपेट परिसरातील अव्हेन्यू रोडवर राइस स्मारक चर्च उभे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे बेंजामिन राइस यांचे नाव धारण करणाऱ्या या चर्चमध्ये गजबजलेल्या बाजारपेठेची भाषा, कन्नड, हीच उपासनेची भाषा झाली. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा आश्रय घेतला.

आपल्याच इतिहासाची झाडाझडती

या अल्बममधील सर्वांत गंभीर गीत 'बॅनर इयर' हे होय. शायेन जमातीचा प्रमुख ब्लॅक केटल याची शोकांतिका हा त्याचा विषय आहे. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतील सँड क्रीक येथे ब्लॅक केटलच्या छावणीवर कर्नल जॉन चिव्हिंग्टन याच्या सैनिकांनी हल्ला केला. त्यात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली; त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचीच संख्या मोठी होती. चिव्हिंग्टन हा मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. त्या हल्ल्यातून वाचलेला ब्लॅक केटल २७ नोव्हेंबर १८६८ रोजी वॉशिटा नदीकाठी जॉर्ज कस्टर याच्या घोडदळाच्या हल्ल्यात ठार झाला.

अल्बम येण्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या डेन्व्हर येथे भरलेल्या सर्वसाधारण परिषदेने सँड क्रीकच्या हत्याकांडाबद्दल क्षमायाचना केली होती. त्याच शहरातील एका ख्रिस्ती वाद्यवृंदाने हा विषय तरुण श्रोत्यांसमोर ठेवावा, यात या अल्बमचे मोल आहे. श्रद्धेचा उत्सव करताना श्रद्धावंतांच्या अपराधाकडे त्याने डोळेझाक केली नाही.

विनोद आणि प्रार्थना

अन्य गीतांत विनोदाला मोकळे रान आहे. 'हँडबुक फॉर द सेलआउट' हे गीत, वाद्यवृंद लोकप्रिय होताच त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या चाहत्यांना चिमटे काढते, तर 'ओह, कॅनडा' शेजारी देशाचे खट्याळ कौतुक करते. अखेरचे 'एव्हरी न्यू डे' हे गीत मात्र प्रार्थनेसारखे आहे. पुढे जाहीर कार्यक्रमांची सांगता याच गीताने करण्याचा या वाद्यवृंदाचा प्रघात पडला.

२००३ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला आणि २०११ मध्ये पुन्हा एकत्र आला. नव्या अल्बमसाठी त्याने चाहत्यांकडे ३० हजार डॉलर मागितले होते. प्रत्यक्षात दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून साकारलेला 'एंजिन ऑफ अ मिलियन प्लॉट्स' २०१३ मध्ये प्रकाशित झाला.